वाईट दिवसाची कॅनोपी: १९० वरून थेट १३५ वर जावं का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. तू मूळचा उदगीरचा, नोकरी दुबईत. स्कायडायव्हिंगच्या, म्हणजे विमानातून पॅराशूटने उतरण्याच्या, १४० जंप झाल्या, यूएसपीएचं (अमेरिकेतली स्कायडायव्हिंग संघटना) दुसऱ्या पायरीचं बी लायसन्स हातात आहे, वजन ७४ किलो. आजवर सेबर-टू १९० ही कॅनोपी (पॅराशूटचा उघडणारा पंख; १९० म्हणजे त्याचे चौरस फूट) भाड्याने घेऊन उडतोस आणि बहुतेक वेळा दोन पायांवर उभा उतरतोस. आता बरोबरचा एक जण कटाना १३५ निम्म्या किमतीत द्यायला तयार आहे, कारण तो स्वतः आणखी लहान कॅनोपीवर चाललाय. तुला स्वूप, म्हणजे मुद्दाम वेग वाढवून जमिनीलगत झेपावत उतरणं, शिकायचाय. आणि पुढच्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, गावाकडच्या शाळेच्या मैदानावर तिरंगा घेऊन उतरायची इच्छा आहे, तीही याच कॅनोपीवर. "सर, घेऊ का?" एवढंच तू शेवटी विचारलंस.

नको घेऊस. १७० घे, तिच्यावर किमान शंभर जंप कर, मग १५० चा विचार कर. नुसतं "नको" ऐकून कोणी थांबलेलं मी पाहिलेलं नाही, म्हणून कारणं सविस्तर सांगतो. मी लष्करात पॅराट्रूपर होतो, आग्र्याला शिकलो, नंतर स्पोर्ट जंपिंगमध्ये आलो आणि बरीच वर्षं कॅनोपी कोर्स घेतोय. शिकवताना सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीवर जातो.

कॅनोपी निवडताना प्रत्येक जण आपलं सगळ्यात छान लँडिंग डोळ्यांसमोर आणतो. वारा समोरून, मैदान रिकामं, फ्लेअर (उतरताना शेवटी दोन्ही टॉगल, म्हणजे हातातल्या ब्रेकच्या मुठी, ओढून वेग मोडणं) वेळेवर. अशा दिवशी १३५ सुद्धा तुला नीट उतरवेल, यात मला शंका नाही. पहिल्या दहा-वीस जंप मस्त जातील आणि तुला वाटेल, सरांनी उगाच अडवलं होतं. पण निवड करायची ती वाईट दिवसासाठी. स्पॉट, म्हणजे विमानातून उडी टाकायची जागा, चुकलाय, खाली ओळखीचं मैदान नाही, साठ फुटांवर असताना समोर विजेची तार दिसते किंवा शेजारून दुसरा माणूस आडवा येतो. त्या दोन-तीन सेकंदांत विचार करायला वेळ नसतो, हात सवयीने चालतात. आणि तुझ्या हातांना सवय आहे ती १९० ची.

विंग लोडिंग, म्हणजे कॅनोपीच्या दर चौरस फुटावर किती पौंड वजन, तुला माहीत आहे, तरी आकडे समोर ठेवू. ७४ किलो तू. हार्नेस (अंगावरचे पट्टे), दोन्ही पॅराशूट (मुख्य आणि रिझर्व्ह, म्हणजे राखीव), हेल्मेट, कपडे मिळून साधारण १२ किलो. झाले ८६ किलो, म्हणजे १९० पौंड. १९० चौरस फुटांवर लोडिंग १.०. तेच १७० वर १.१२, १५० वर १.२७ आणि १३५ वर १.४१. कोच मंडळी वापरतात तो एक ढोबळ अंदाज असा: पहिल्या शंभर जंपपर्यंत १.० च्या वर जाऊ नये, पुढे दर शंभर जंपला ०.१ वाढवावं. या हिशेबाने तू १.१ च्या जवळ बसतोस. १.४ ला पाचशेच्या आसपास जंप हव्यात. हा अंदाज म्हणजे कायदा नव्हे, पण तू त्याच्या इतका पुढे उडी मारतोयस की वाद घालायला जागाच राहत नाही.

वेग लोडिंगच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. १.० वरून १.४१ ला गेलास की सरळ उड्डाणातला वेग १९ टक्क्यांनी वाढतो. ऐकायला फार वाटत नाही. पण जमिनीवर आदळताना हाडांवर येणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ४१ टक्के जास्त. आणि हे दोन कॅनोपींचा घाट, म्हणजे पंखाची ठेवण, एकच धरून. इथे तर घाटही बदलतोय.

त्याआधी एक गोष्ट, जी लोडिंगच्या आकड्यात दिसत नाही. लहान कॅनोपीच्या दोऱ्या आखूड असतात, त्यामुळे टॉगल ओढला की ती लवकर कलते, लवकर डाईव्ह घेते, म्हणजे नाक खाली करून झेपावते. पन्नास किलोची मुलगी १३५ वर १.० लोडिंगने उडत असेल तर ती १९० वर १.० ने उडणाऱ्या तुझ्यापेक्षा चपळ कॅनोपी हाताळत असते. सडपातळ मुलींना "तुझं लोडिंग कमी आहे, अजून लहान घे" असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. त्यांच्यासाठी दर पायरीवर जास्त सावकाश जायला हवं. हे तुला लागू नाही, पण वाचणाऱ्यांत अशी कोणी असेल म्हणून लिहिलं.

आता घाट. तुझी सेबर-टू दोन्ही टोकांकडे किंचित निमुळती होते. तिला सेमी-एलिप्टिकल, म्हणजे अर्धवट लंबगोल, म्हणतात. पायलट आणि सफायर याच वर्गातल्या. स्टिलेटो आणि कटाना पूर्ण एलिप्टिकल, पण या दोघीही एकमेकींसारख्या नाहीत. स्टिलेटो लांबवर तरंगते, वळवली की झटकन फिरते आणि झटकन सपाटही होते. कटानाचा ट्रिम, म्हणजे दोऱ्यांच्या लांबीने ठरलेला पंखाचा कल, उताराचा आहे. ती नाक खाली धरून उडते, फ्रंट रायझर (खांद्यापासून दोऱ्यांपर्यंतचे पुढचे पट्टे) हलके लागतात, आणि एकदा डाईव्ह सुरू झाली की आपण होऊन सपाट व्हायला खूप उंची घेते. स्वूप करणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं. ही डाईव्ह हवी तेव्हा सुरू करणाऱ्या माणसाचा कटानावर फायदा होतो. घाबरून टॉगल ओढणाऱ्याला तीच डाईव्ह जमिनीपर्यंत सोडत नाही. याच्या वरची पायरी क्रॉस-ब्रेस्ड कॅनोपींची, व्हेलॉसिटी, लेया, वाल्किरी वगैरे. त्यांच्या सेलच्या (पंखातल्या हवेच्या कप्प्यांच्या) आत तिरपे पडदे असतात, त्यामुळे पंख ताठ राहतो. त्यांच्याबद्दल आज तुला वाचायचीही गरज नाही.

एलिप्टिकलचा दुसरा स्वभाव उघडताना दिसतो. खांदा थोडा वाकडा, एका पायावर जरा जास्त भार, की दोऱ्यांना पीळ पडतो. १९० वर पीळ पडला तर ती सरळ उडत राहते, तू आरामात पाय मारून पीळ सोडवतोस. १.४ लोडिंगची एलिप्टिकल त्याच पिळासह गरगरायला लागते, उंची झपाट्याने जाते, आणि फिरण्याच्या जोराने हात हँडलपर्यंत नेणंसुद्धा जड जातं. बी लायसन्ससाठी कटअवेचा, म्हणजे मुख्य कॅनोपी सोडून रिझर्व्ह उघडण्याचा, निर्णय १,८०० फुटांपर्यंत व्हायला हवा, हे तुला पाठ आहे. अशा कॅनोपीवर तो आकडा किती पटकन येतो याची कल्पना तुला अजून आलेली नाही. म्हणून चपळ कॅनोपीवर जाणाऱ्याने उघडण्याची उंची वाढवावी, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खालच्या वळणाबद्दल.

आपल्या खेळात पॅराशूट उघडलंच नाही म्हणून माणूस जातो, अशी बाहेरच्यांची समजूत असते. दरवर्षीचे अपघात अहवाल वाचलेस तर दिसेल की चांगल्या उघडलेल्या, निर्दोष कॅनोपीखाली लँडिंगच्या वेळी जाणारे बरेच असतात. त्यातले काही स्वूपर. पण काही तुझ्यासारखे, ज्यांना स्वूप करायचाच नव्हता. फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, आल्यावर कळलं की वारा पाठीमागून आहे, किंवा समोर काहीतरी आलं. एक टॉगल खोल ओढला, कॅनोपी कलली, शरीर बाहेर फेकलं गेलं, आणि ते पुन्हा कॅनोपीखाली येण्याआधी जमीन आली. एक अपघात मी स्वतः पाहिला. उतरण्याच्या पट्ट्यावर ट्रॅक्टर शिरला, फायनलवरच्या मुलाने तो टाळायला टॉगल ओढला. ट्रॅक्टर त्याच्यापासून बराच लांब होता. नुसतं सरळ राहून फ्लेअर केला असता तरी तो अलीकडेच थांबला असता. मांडीचं हाड आणि कंबर मोडली. तो वाचला, कारण कॅनोपी मोठी होती.

अशा वेळी एएडीचा, म्हणजे रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या यंत्राचा, उपयोग नसतो. सायप्रेस या एएडीचा नेहमीचा एक्स्पर्ट प्रकार ७५० फुटांच्या आसपास, सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असशील तर रिझर्व्ह उघडतो. १०० फुटांवर उघड्या कॅनोपीखाली तुझ्यासाठी कोणतंच यंत्र काही करणार नाही. थ्री-रिंग (मुख्य कॅनोपी सोडवणारी तीन कड्यांची जोडणी) शोधणारे बिल बूथ यांचं एक निरीक्षण आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे: साधनं जितकी सुरक्षित होतात तितका माणूस जास्त धोका पत्करतो आणि मरणाऱ्यांचं प्रमाण आहे तिथेच राहतं. १९९१ मध्ये सायप्रेस आल्यानंतर हळूहळू न उघडल्याने होणारे मृत्यू कमी झाले, आणि त्याच काळात लहान, वेगवान कॅनोपी आल्या व लँडिंगचे मृत्यू डोळ्यांत भरू लागले.

खाली आल्यावर क्रम एकच: आधी पंख सपाट, मग समोरची जागा मोकळी, मग फ्लेअर. वाऱ्यात तोंड करून उतरणं त्यानंतर येतं. पाठीवर ताशी १५ किलोमीटर वारा घेऊन सरळ उतरलास तर घसरशील, कपडे फाटतील, फार तर घोट्याला लागेल. त्याच वाऱ्यात तोंड फिरवायला १०० फुटांवर वळलास तर कंबरेवर पडशील. वळण घ्यावंच लागलं तर ब्रेकमधलं वळण घे. दोन्ही टॉगल साधारण अर्ध्यावर आण, तिथून एक थोडा आणखी खाली आणि दुसरा किंचित वर. कॅनोपी फार न कलता फिरते आणि उंची कमी जाते. आणि वळण चुकून खाली सुरू झालंच असेल तर ते पूर्ण करायच्या भानगडीत पडू नकोस. दोन्ही टॉगल जोरात खाली, पंख सपाट, पाय जोडून पीएलएफ, म्हणजे पॅराशूटने उतरतानाची लोळण. आग्र्याला आमच्याकडून पीएलएफ इतका करून घेत की झोपेतही गुडघे जुळायचे. पायाचे चवडे, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठीचा तिरका भाग, या ओळीने जमिनीचा धक्का वाटला जातो. स्पोर्ट जंपर उभं उतरण्याच्या हौसेपायी तो विसरतात. तू आठवड्यातून एकदा, गादीवर का होईना, दहा-पंधरा वेळा करत जा.

पडताना हात पुढे टेकायची सवयही मोड. उतरताना उजवीकडे तोल गेला म्हणून उजवा हात जमिनीकडे नेलास की तू खरंतर उजवा टॉगल ओढतोस, कॅनोपी आणखी उजवीकडे जाते आणि जमीन जोरात येते. १९० वर याने खरचटतं, १३५ वर मनगट किंवा खांदा जातो.

तर १७० वर काय करायचं? यातलं बरंचसं आत्ता १९० वरच सुरू कर. ५,००० फुटांवरून लवकर उघडण्याच्या जंप घे आणि वर मोकळ्या हवेत खेळ. स्टॉल कुठे येतो ते शोध, हात किती खाली गेले की कॅनोपी मागे कोसळते ते हातांना कळू दे, मग हळू सोडून सावर. हे सगळं २,५०० फुटांच्या वर संपलं पाहिजे, म्हणजे काही बिघडलंच तर निर्णयाला उंची उरते. ब्रेकमध्ये ९० अंश वळून किती उंची गेली ते अल्टिमीटरवर बघ, मग तेच पूर्ण वेगातून करून फरक बघ. कॅनोपी उघडल्याबरोबर, टॉगल सोडवण्याआधी, मागच्या रायझरने डावी-उजवीकडे वळव. समोरून कोणी आला तर वापरायचं वळण हेच. मागच्या रायझरने फ्लेअर वर, उंचीवरच, करून बघ, म्हणजे स्टीअरिंगची दोरी तुटली तर काय वाटतं ते कळेल. डाईव्हमधून दोन्ही टॉगलने झटकन सपाट होण्याचा सराव कर. डबल फ्रंट रायझर, म्हणजे पुढचे दोन्ही पट्टे एकदम, ओढून सोड आणि कॅनोपी आपण होऊन सपाट व्हायला किती फूट घेते ते मोज.

खाली उतरताना आडव्या वाऱ्यात उतर, वारा शून्य असताना उतर, आणि कोचला सांगून, पट्टा मोकळा असताना, हलक्या वाऱ्यात पाठीमागून वारा घेऊनही उतर. ज्याने हे कधीच केलेलं नाही तोच शेवटच्या क्षणी वळतो. अर्ध्या ब्रेकमध्ये फायनल घेऊन उतरून बघ; त्यात फ्लेअरला ताकद कमी उरते, हे अनुभवाने कळायला हवं. ठरवलेल्या खुणेपासून दहा मीटरच्या आत लागोपाठ उतरता यायला हवं. "बहुतेक वेळा उभा उतरतो" हे तुझं वाक्य वाचून माझा पुढचा प्रश्न हाच होता: ठरवलेल्या जागी किती वेळा? हे सगळं १७० वर सहज, गप्पा मारत केल्यासारखं व्हायला लागलं की १५० घे. एका वेळी एकच आकार बदलायचा, आणि आकार बदलताना घाट बदलायचा नाही. सेबर-टू १५० वर स्थिर झालास की मग त्याच आकाराची एलिप्टिकल उडवून बघ.

स्वूपचा रस्ता याच्या पुढे सुरू होतो, म्हणून त्याबद्दल थोडंच. पहिली पायरी सरळ फायनलवर डबल फ्रंट रायझर. मग ९० अंश. २७० फार नंतर. प्रत्येक पायरी शेकड्यांनी जंप मागते आणि प्रत्येक पायरीला कोच हवा. यूट्यूब बघून होत नाही. वळण कोणत्या उंचीवर सुरू करायचं हा त्यातला खरा अभ्यास, आणि ती उंची कॅनोपीप्रमाणे, हवेप्रमाणे बदलते. गर्दीच्या पॅटर्नमध्ये (सगळ्यांच्या उतरण्याच्या ठरलेल्या मार्गात) असं वळण घेणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी विमानात चढू देत नाही. स्वूपरने एएडीही त्यासाठी बनवलेला घ्यावा, कारण मोठ्या वळणात नेहमीच्या एएडीची वेगमर्यादा ओलांडली जाऊ शकते आणि मग लँडिंगच्या ऐन वेळी रिझर्व्ह बाहेर येतं. साध्या डाईव्हमध्येही जंपर सेकंदाला वीस मीटरने खाली येत असतो. एक सेकंद चुकला म्हणजे ६५ फूट चुकले.

आता आपल्याकडची हवा. हे तुला दुबईत कोणी सांगणार नाही.

लातूर-उदगीरचा भाग समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. लातूर धरलं तर २,१०० फुटांच्या आसपास. तू उडतोस ते दुबईचं वाळवंट जवळपास समुद्राच्या पातळीवर, आणि तिथला खरा हंगाम थंडीचा. हवा जितकी विरळ तितकी तीच कॅनोपी जास्त वेगाने उडते, आणि उष्णतेने हवा आणखी विरळ होते. मे महिन्यात लातुरात ४१ अंश असताना हवा साधारण ५,७०० फुटांवरच्या प्रमाण हवेइतकी पातळ असते. जानेवारीत २२ अंशांना दुबईत उडताना हाच आकडा हजार फुटांच्या आत असतो. म्हणजे तीच कॅनोपी, तोच माणूस, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात वेग सात-आठ टक्के जास्त, ऊर्जा पंधरा टक्क्यांच्या आसपास जास्त. सप्टेंबरात ३० अंश धरले तरी वेग पाच टक्क्यांहून जास्तच. १३५ चे १९ टक्के आणि हे पाच जोडलेस तर तू आज ज्या वेगाला सरावलायस त्याच्या सव्वापट वेगाने शाळेच्या मैदानावर येशील, आणि आदळण्याची ऊर्जा दीडपटीहून जास्त असेल. वळणातली उंचीही त्याच प्रमाणात जास्त खर्ची पडते. दुबईत ज्या उंचीवर वळून जमलं तिथे इथे वळलास तर जमणार नाही.

ऊनही वेगळं. काळी जमीन तापते, शेजारचा उसाचा फड गार असतो, मध्ये डांबरी रस्ता. फायनलवर या तिन्हींवरून जाताना कॅनोपी वर उचलली जाते, मग एकदम बसते. मार्च ते मे दुपारी वावटळी उठतात. उकीरड्यावरचा कचरा गोल फिरताना दिसतो ती तर दिसणारी. माती नसलेल्या जागेवरची दिसतच नाही. तिच्यात सापडलेली कॅनोपी तीस-चाळीस फुटांवर एका बाजूने मिटली तर सावरायला काही उरत नाही. आपल्याकडे उडायचं ते सकाळी, ऊन तापायच्या आत. दुपारी वारा मंद वाटला तरी उडू नये.

आणि जमीन. मैदान चुकलं तर खाली काय आहे, ते तू लहानपणापासून पाहिलंयस, पण वरून कधी पाहिलेलं नाहीस. उन्हाळ्यात नांगरलेल्या वावरातली ढेकळं दगडासारखी असतात. वेगवान कॅनोपीवर घसरत उतरायला जाशील तर पाय ढेकळात अडकून घोटा फिरेल. तूर काढलेल्या रानात धसकटं भाल्यासारखी उभी असतात. कठडे नसलेल्या विहिरी गवतात वरून अगदी शेवटी दिसतात. पंपाकडे जाणाऱ्या विजेच्या तारा तर दिसतच नाहीत, म्हणून तार शोधू नये, खांब शोधावेत. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरावं. बीड-धाराशिवच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, त्यांच्या मागच्या बाजूला बराच लांबपर्यंत हवा घुसळलेली असते.

शेततळ्याबद्दल वेगळं सांगतो. २०१६ मध्ये "मागेल त्याला शेततळे" योजना आली आणि आपल्या भागात प्लॅस्टिक अंथरलेली तळी खूप झाली. वरून ती सुरेख, मोकळी, निळीशार दिसतात. पण त्या प्लॅस्टिकच्या उतारावरून साध्या कपड्यातला पोहणाराही सहज बाहेर येऊ शकत नाही. भिजलेलं हार्नेस आणि पायांत दोऱ्या असलेला माणूस तर नाहीच. तिथे उतरण्यापेक्षा उसात उतरलेलं बरं. उसात उतरताना तो उंच गवत समजून फ्लेअर उशिरा होतो. शेंड्यांना जमीन मानून फ्लेअर कर आणि पाय घट्ट जुळव. पाणी टाळता येणारच नसेल तर वरच छातीचा पट्टा सैल कर, आरएसएल (कटअवे होताच रिझर्व्ह उघडणारी पट्टी) सोडव, फ्लेअर कर, आणि पाय पाण्यात गेल्यावरच कटअवे कर. पाण्यावर उंचीचा अंदाज फार चुकतो, त्यामुळे आधी कटअवे करायचा मोह मोडून काढ.

म्हणून गावच्या जंपबद्दल. तुझी भावना मला कळते, आणि मुक्तिसंग्राम दिनाला आपल्या मातीत तिरंगा घेऊन उतरणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण या वर्षी नको. यूएसपीएच्या पद्धतीत काही ठरावीक प्रात्यक्षिक उड्यांची मुभासुद्धा सी लायसन्सपासून मिळते, आणि त्याला २०० जंप लागतात. इथे विमानाची, हवाई क्षेत्राची, डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) आणि जिल्हा प्रशासनाची परवानगी लागेल, ती महिनोनमहिने आधी मागावी लागते. सप्टेंबरात पाऊस आणि ढगांचा तळ खाली, म्हणजे जंप ऐन वेळी रद्द करायची तयारी हवी. समोर मंत्री बसलेत, पोरं टाळ्या वाजवतायत, अशा वेळी "नाही" म्हणता येणं हीसुद्धा अनुभवाने येणारी गोष्ट आहे. पायाला बांधलेला झेंडा ओढ वाढवतो, वळणाचा अंदाज बदलतो, त्याचा सराव वेगळा. आणि शाळेच्या मैदानाभोवती भिंत, झाडं, तारा, माणसं. अशा जागी अनुभवी लोक मुद्दाम मोठी, संथ कॅनोपी घेऊन उतरतात. पुढे कधी उतरशील तेव्हा तूही १९० वरच उतर, त्या वेळी तुझी रोजची कॅनोपी कितीही लहान असली तरी.

राहिला सौदा. तुझ्या मित्राची कटाना तू घेणार नाहीस असं धरतो, पण १७० जुनीच घेशील, म्हणून काय बघायचं ते सांगतो. पहिलं, दोऱ्या. स्पेक्ट्राच्या दोऱ्या स्लायडरच्या (उघडताना दोऱ्यांवरून खाली सरकणाऱ्या कापडाच्या) घर्षणाने तापून आखूड होत जातात, त्यातही बाहेरच्या आणि स्टीअरिंगच्या जास्त. काहीशे जंपनंतर कॅनोपी ट्रिमबाहेर जाते, वेडीवाकडी उघडते, फ्रंट रायझर ओढला की उसळते. व्हेक्ट्रन आणि एचएमए आखडत नाहीत, पण झिजतात, आणि एचएमए फारशी सूचना न देता तुटू शकते. शेवटचं रीलाइन (सगळ्या दोऱ्या बदलणं) कधी आणि किती जंपपूर्वी झालं ते विचार. उडताना हात पूर्ण वर सोडल्यावर स्टीअरिंगच्या दोऱ्या मागे किंचित झोल घेतात की ताठ राहतात ते बघ. ताठ असतील तर कॅनोपी कायम ब्रेकमध्ये उडतेय. कापड तोंडाला लावून फुंकून बघितलं तर झिरो पोरॉसिटी कापडातून हवा जाता कामा नये.

दुसरं, कंटेनर, म्हणजे दोन्ही पॅराशूट ठेवायची पाठीवरची पिशवी. १९० साठी शिवलेल्या कंटेनरमध्ये १३५ घातली असती तर ती सैल बसली असती, क्लोजिंग लूपला (पिशवी बंद ठेवणाऱ्या दोरीच्या फासाला) ताण राहिला नसता, आणि पिन विमानाच्या दारातच निसटली असती तर विमानासह सगळे धोक्यात आले असते. ही गोष्ट तुझ्या मित्राने सांगायला हवी होती. १७० घेताना कंटेनरच्या कंपनीचा तक्ता बघ, "बसते की" यावर जाऊ नकोस. तिसरं, रिझर्व्ह. लहान कंटेनरच्या नादात माणसं रिझर्व्हही लहान घेतात. रिझर्व्हवर तू कदाचित खांदा निखळलेला, डोकं गरगरणारं, अनोळखी वावरात उतरशील. ७४ किलोच्या माणसाला माझा आग्रह १७० च्या आसपासच्या रिझर्व्हचा असतो. किमान १६० तरी.

घेण्याआधी रिगरकडून (पॅराशूट तपासणाऱ्या जाणकाराकडून) लेखी तपासणी करून घे, दोऱ्यांची मोजमापं त्यात लिहून माग. तो कागद आणि कंपनीचा ट्रिम चार्ट दोन्ही मला पाठव, मी ताडून सांगतो. आणि नवी कॅनोपी आली की पहिल्या पाच जंप लवकर उघडण्याच्या, एकट्याने, सकाळच्या हवेत.